राखाडी पडलेला काळा

भाच्याच्या खोलीत मी गेलो होतो तो पंख्याचा रेग्युलेटर पाहायला. परंतु नजर अडली ती अंधारावर. गेममधील एक तळघर त्याच्या समोरच्या पडद्यावर गडद काळे दिसत होते आणि शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या संगणकावर तेच तळघर फिकट राखाडी झाले होते. मे महिन्यात, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, बंद खोलीत दोन संगणक एकाच वेळी का चालवावेत, हा प्रश्न माझ्या बहिणीने त्याला अनेकदा विचारलेला आहे. त्याचे उत्तर ठरलेले आहे. एका संगणकाने केवळ गेम चालवावा आणि ते चित्र आवळून, म्हणजे त्याचे आकारमान कमी करून, इंटरनेटवर प्रेक्षकांना थेट धाडण्याचे ओझे दुसऱ्याने वाहावे, म्हणजे गेम अडखळत नाही. अलीकडच्या ग्राफिक्स कार्डांत या कामासाठी वेगळा भाग असतोच, त्यामुळे दुसरा संगणक पुष्कळांना लागतही नाही. पण वडिलांचा जुना संगणक रिकामा पडला होता, आणि रिकाम्या वस्तूला काम शोधून देण्याची आमच्या घराण्याला खोड आहे.

“मामा, चालतंय की! मी फिल्टर लावून काळं करतो,” असे तो म्हणाला, आणि मला ते मुळीच रुचले नाही. फिकट आलेल्या चित्रावर कॉन्ट्रास्ट चढवून वेळ मारून नेण्याचा मला फार पूर्वीपासून तिटकारा आहे. तसे केले की सावल्यांमधील सलग उतार तुटतो आणि भिंतीवर पट्टे उमटू लागतात. चित्र कुठेतरी वाटेत बिघडले असेल, तर ती जागा शोधावी.

लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरामागे एक अण्णा राहत असत. चादरीवरच्या नक्षी ते बारीक चौकटींच्या कागदावर रंगवत. उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा. एकेक चौकट ते ब्रशच्या टोकाने भरत, आणि मी शेजारी बसून मोराचा पिसारा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढताना पाहत असे. कामात असताना ते बोलत नसत. बोललेच तर तेलुगूत, तेही ब्रशशी. कागद पुरा झाला की तो कार्डे पाडणाऱ्याकडे जाई. जॅकार्ड मागाला नक्षी कळते ती पुठ्ठ्याच्या कार्डावरील छिद्रांतून; फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ती युक्ती आमच्या गल्लीत दिवसभर खडखडत असे. रंगवलेली चौकट म्हणजे छिद्र पाडायचे की सोडायचे, हे अण्णांचे आणि कार्डवाल्याचे आधी ठरलेले असावे लागे. ते ठरले नसेल तर कागदही बिनचूक, कार्डेही बिनचूक, आणि मागावर मात्र मोराचा रंग जमिनीला नि जमिनीचा मोराला.

भाच्याच्या दोन संगणकांमध्ये हेच ठरायचे राहिले होते. संगणकाच्या हिशेबात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. दूरचित्रवाणीच्या हिशेबात काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर थांबतो. एचडीएमआय केबलच्या पलीकडे टीव्ही आहे असा ग्राफिक्स कार्डाचा समज झाला, तर ते सगळे चित्र १६ ते २३५ मध्ये बसवून पाठवते. पलीकडे कॅप्चर कार्डातून, म्हणजे एका संगणकाचे चित्र दुसऱ्यात घेणाऱ्या उपकरणातून, ते चित्र घेऊन इंटरनेटवर धाडणारे ओबीएस हे सॉफ्टवेअर जर ते ० ते २५५ धरून वाचत असेल, तर १६ हा त्याच्या लेखी राखाडी ठरतो. याच्या उलट घडले तर सावल्या काळ्यात बुडतात आणि ढगांतील बारकावे पांढऱ्यात विरून जातात. उपाय एवढाच, की गेमच्या संगणकावरील ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फुल, म्हणजे ० ते २५५, निवडावे, ओबीएसमध्ये कॅप्चर कार्डाच्या गुणधर्मांतही फुल निवडावे, आणि दोन्हीकडे ऑटोच्या भरवशावर राहू नये. फिल्टर अर्थातच काढून टाकावा. आम्ही तसे केले आणि तळघरात पुन्हा भीती वाटू लागली.

कॅप्चर कार्ड कोणत्या खाचेत लावले आहे, हेही त्याच वेळी पाहून घेतले. सेकंदाला ६० फ्रेमचे १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचे, चित्र न आवळता न्यायचे तर सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट लागतात, आणि यूएसबी २.० या जुन्या खाचेची कमाल क्षमता ४८ कोटी. तिथे लावलेले कार्ड चित्र स्वतःच आधी आवळून पाठवते, मग ओबीएस ते पुन्हा आवळते, आणि दोनदा आवळलेल्या चित्रात कडा धूसर होतात. खाच बरोबर होती.

गेममध्ये कॅमेरा वळवला की दुसरीकडे चित्र बारीक हिसके देत होते, त्याचे कारण मात्र निव्वळ भागाकारात निघाले. भाच्याचा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो आणि कार्ड ६० वेळा घेते. १४४ ला ६० ने भागले तर २.४ येतात, म्हणजे कधी दुसरे चित्र उचलले जाते, कधी तिसरे, आणि सरळ चालणारा माणूस लंगडतो. मॉनिटर १२० वर आणला की नेमके दुसरे चित्र येते. चोवीस फ्रेम गमावल्याचे दुःख भाच्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ होते.

खरा वाद गवतावरून झाला. उंच गवतातून धावताना चित्राचे चौकोनी ठोकळे पडत होते, आणि याला दोन्ही संगणकांपैकी कोणीही जबाबदार नव्हते. ट्विच या खेळ थेट दाखवण्याच्या संकेतस्थळावर १०८०पी ६० साठी सुचवला जाणारा वेग सेकंदाला ६००० किलोबिट. म्हणजे दीडशे कोटींपैकी साठ लाख बिट. मूळ मालाचा अडीचशेवा हिस्सा. तळघरातील स्तब्ध भिंतीला तो पुरतो, कारण मागच्या फ्रेममधील भिंतच पुढे चालवता येते; वाऱ्यावर हलणाऱ्या गवताचे प्रत्येक पाते मात्र नव्याने सांगावे लागते. दुसऱ्या संगणकावर एन्कोडर, म्हणजे चित्र आवळणारा भाग, अधिक सावकाश नि नीट आवळणाऱ्या संथ प्रीसेटवर ठेवला तर थोडी सुधारणा होते, परंतु थोडीच. बिट तेवढेच राहणार असतील तर ठिपके कमी करणे हाच शहाणपणा. १०८० मध्ये वीस लाखांवर ठिपके, ७२० मध्ये सव्वानऊ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दुपटीहून अधिक येते. मी ते लावून दाखवले आणि गवताची पाती सुटी झाली. भाच्याने हे मान्य केले, अगदी मोकळ्या मनाने, आणि आकडा पुन्हा १०८० केला. त्याच्या सगळ्या मित्रांच्या चित्राखाली १०८० लिहिलेले असते, आणि ते सगळे एकमेकांचे खेळ मोबाईलवर, बॅटरी वाचवण्यासाठी उजेड कमी करून पाहतात. त्याच्या वयाला ७२० लिहिणे मलाही जमले नसते.