बावीस की नऊ

आमच्याकडे कामगार राजीनामा देत नाही, हिशोब घेतो. 'त्यानं हिशोब घेतला' म्हटलं की माणूस सुटला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळतो. हजेरी, पगार, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचा कामगार विमा, सगळं एकाच टेबलावर. पुतण्या हिंजवडीत आहे, त्याला तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडची आणि रिलीव्हिंग लेटरची चिंता. आमचा विणकर सकाळी डबा घेऊन येतो आणि दुपारी म्हणतो, "साहेब, उद्यापासून नाही."

म्हणून 2023 च्या मार्चमध्ये आमचे जुने विणकर अण्णा लेखी अर्ज घेऊन आले तेव्हा नवलच वाटलं. नातीनं वहीच्या पानावर समास आखून लिहिला होता. 'डोळ्यांना नीट दिसत नाही. ताण्यातला तुटलेला धागा सापडत नाही. म्हणून काम सोडत आहे.' खाली अण्णांची तेलुगूत सही. 'घरगुती अडचणीमुळे' असलेले शेकडो अर्ज मी फायलीला लावलेत. खरं कारण लिहिलेला हा पहिलाच.

हिशोब करायला बसलो. राहिलेला पगार, बोनस, वीस दिवसांमागे एक या मापानं साठलेली भरपगारी रजा, हे अर्ध्या तासाचं काम. ग्रॅच्युइटीला, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेला, मात्र मी कन्सल्टंटला हात लावू देत नाही. त्या पोराला एकच सूत्र पाठ आहे, महिन्याच्या पगाराला सव्वीसनं भागा, पंधरानं गुणा. विणकर पीस रेटवर असतो, जेवढं विणलं तेवढी मजुरी, त्याला महिन्याचा पगार कुठून आणणार? कायद्यात त्यासाठी वेगळी वाट आहे. सोडण्याआधीच्या तीन महिन्यांची सगळी मजुरी घ्यायची, ओव्हरटाइम वगळायचा, त्यावरून रोजाची सरासरी काढायची, आणि तो रोज सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवस.

यातली मेख बाहेरच्याला दिसत नाही. विणकराचे शेवटचे तीन महिने हेच त्याचे सगळ्यात वाईट महिने असतात. नजर गेलेली, उत्पादन घटलेलं, आणि सुपरवायझर हुशार, म्हातारा सुटणार हे कळलं की त्याला सगळ्यात खराब लूम देतो. अण्णांचे तीन महिन्यांचे निघाले 37,440, दिवस 78. रोज 480. वर्षाला 7,200 रुपये. आधीच्या दिवाळीत हाच माणूस रोजाचे साडेपाचशेच्या वर पाडत होता. पण कायदा दिवाळी बघत नाही.

आता वर्षं किती? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, रुजू तारीख जुलै 2014. आठ वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ. 64,800 रुपये. मी आकडा वाचून दाखवला.

"नऊ कसं, साहेब? बावीस झाले की."

बावीस खरंच होतात. जुलै 2001 पासून अण्णा याच शेडमध्ये आहेत. मी इथं आलो 2003 ला, तेव्हा खिडकीकडच्या जकार्डवर तेच होते. पण कागदावर हा एक कारखाना कधीच नव्हता. आधी मालकांच्या नावाची फर्म, मग त्यांच्या मिसेसच्या, मग भावाच्या, मग परत नवीन. ग्रॅच्युइटी लागायला पाच वर्षं लागतात, म्हणून ती भरायच्या आत सगळ्यांचे राजीनामे घ्यायचे, मस्टरचं कव्हर बदलायचं, दुसऱ्या दिवशी नव्या फर्मवर घ्यायचं. लूम तोच, चहावालाही तोच. हे फक्त आमच्याकडेच चालतं असं नाही, आणि युनियनवाल्यांना माहीत नव्हतं असंही नाही.

जुनी फाईल काढली. 2005, 2010, 2014. तीन राजीनामे. 'मी स्वखूशीने काम सोडत आहे.' खु दीर्घ. ही चूक माझी आहे, अजून होते. तिन्ही अर्ज माझ्या हातचे. त्या काळी एका बैठकीत चाळीस-चाळीस लिहायचो, मधे हात दुखला की बोटं मोडायचो. अण्णांनी फक्त सही केलेली.

त्यातही वाईट म्हणजे दर वेळी आम्हीच सांगायचो, फंड काढून घ्या. फॉर्म 19 आणि 10सी मीच भरून द्यायचो. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं माळवद, पैसा लागतच असतो, लोक दुवा द्यायचे. 10सी नं पेन्शनचे पैसे उचलले की ती सेवा पुसली जाते, हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. 2014 च्या ऑक्टोबरात यूएएन हा फंडाचा कायमचा नंबर आला, एक माणूस एक नंबर, आणि मालकांनी हा खेळ बंद केला. पेन्शनला दहा वर्षं लागतात. अण्णांची भरली नऊ.

नात स्टुलावर बसून फाईल बघत होती. दहावीतली असेल. माझ्या पॅडवरची आकडेमोड बघितली, मग राजीनामे बघितले.

"आजोबांचे अर्ज कुणी लिहिलेत?"

"ऑफिसनं," मी म्हणालो.

मालकांकडे गेलो. बावीस धरलं तर 1,58,400 होतात, एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू पगार कुणाचा घेतोस?" मग थोड्या वेळानं, "अण्णांची वीस हजार उचल आहे ना? सोडून दे. म्हातारा माणूस आहे." ते वाईट नाहीत. कामगाराच्या घरी मयत झाली तर स्वतः जातात. त्यांचा हिशोब चूक आहे असंही त्यांना मनापासून वाटत नाही.

मग मी माझ्या टेबलावर जे करता येतं ते केलं. आमच्या छापील पावतीवर असतं, 'पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला, यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही.' ती न वापरता नवीन टाइप केली, 'जुलै 2014 ते मार्च 2023 या काळाची ग्रॅच्युइटी मिळाली.' रेव्हेन्यू स्टँप लावून सही घेतली. मालकांनी न वाचता खाली सही ठोकली. ईएसआयचा विमा नंबर जन्मभर एकच राहतो, फर्म बदलली तरी. अण्णांचं जुनं कार्ड 2001 चं आहे. त्याची आणि तिन्ही राजीनाम्यांची झेरॉक्स काढून पाकिटात घातली, पाकीट नातीच्या हातात दिलं. "हे सांभाळून ठेव. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. एखाद्या वकिलाला दाखव." तिनं पाकीट दप्तरात टाकलं, काही विचारलं नाही. अण्णांनी जाताना माझे दोन्ही हात धरले, उचल सोडली म्हणून.

आठ महिने झाले. प्रकरण उभं राहिलं तर साक्षीला मलाच बोलावतील आणि अक्षर कुणाचं हे पुन्हा विचारतील. पोस्टमन आला की पाकिटं आधी मी बघतो. अजून तरी विजेची बिलं आणि फंड ऑफिसची पत्रंच येतात.