रेड-झेड१ पूलची दुसरी डिस्क गेली? आधी क्लोन, मग इम्पोर्ट

४ टीबीच्या चार डिस्क, त्यांवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा रेड-झेड१ पूल, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा एकत्रित साठा. एक डिस्क बंद पडते, नवी लावून रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटाची फेरबांधणी) सुरू होतं आणि निम्म्यातच दुसरी रीड एरर द्यायला लागते. रिसिल्व्हरला उरलेल्या डिस्कवरचा सगळा डेटा वाचावा लागतो. महिनोन्महिने स्क्रब (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) झालेला नसेल, तर दडलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात.

इथे रीबूट आणि क्लिअरचा (एररची नोंद पुसणारी आज्ञा) सपाटा लावू नका, मशीन बंद करा. आचके देणाऱ्या डिस्ककडून एकदाच, पूर्ण वाचून घ्यायचं आहे.

स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची प्रकृती-नोंद) १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर आधी साटा केबल बदला; डिस्क ठणठणीत असू शकते. ५, १९७ किंवा १९८ (खराब सेक्टरचे आकडे) वाढत असतील तर क्लोनच, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत.

क्लोनसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम. पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे ते खराब पट्ट्यात अडकून न पडता चांगला भाग आधी उचलतं. दुसरी ‘-डी -आर३’ (थेट वाचन, तीन पुनर्प्रयत्न) लावून, त्याच मॅपफाइलवर, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याच्या नोंदीवर. मॅपफाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त सेक्टरची हवी. सेकंदाला १५० एमबी वेग मिळाला तर ४ टीबीला साडेसात तास लागतात; खराब डिस्कला कितीतरी जास्त.

आधी गेलेली डिस्कही थोडीफार वाचता येत असेल तर तिचाही क्लोन घ्या. ती बाहेर पडण्यापूर्वी लिहिलेला डेटा अजून ग्राह्य आहे आणि दोन्हींचे खराब सेक्टर एकाच पट्ट्यात येणं दुर्मीळ. न वाचलेल्या जागी क्लोनवर कचरा असला तरी झेडएफएसचा चेकसम (डेटा बरोबर आहे का ते पडताळणारा आकडा) तो पकडतो.

क्लोन झाला की मूळ डिस्क काढून जपून ठेवा. दोन्हींवर एकच ओळख असते, एकत्र जोडल्या तर गोंधळ होईल. मग पूल ‘रीडओन्ली=ऑन’ देऊन इम्पोर्ट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता सिस्टिमला जोडा, आणि महत्त्वाचा डेटा लगेच बाहेर काढा. इम्पोर्ट होतच नसेल तर त्या आज्ञेला कॅपिटल एफचा पर्याय द्या: तो शेवटचे काही व्यवहार सोडून मागे जातो. आधी सोबत ‘-एन’ देऊन नुसती चाचणी घ्या. स्मॉल एफ वेगळा, ती फक्त सक्ती. कोणत्या फाइल गेल्या ते ‘झेडपूल स्टेटस -व्ही’ नावानिशी सांगतं.

पूल नव्याने बांधताना रेड-झेड२ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा) म्हणूनच बांधा. रेड-झेड१चं जागच्या जागी रेड-झेड२ होत नाही. शिंगल्ड पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क घेऊ नका. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं की रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क तशा आहेत. रिसिल्व्हरच्या सलग लिखाणात त्या फार मंदावतात.

साधी डेस्कटॉप डिस्क एका खराब सेक्टरवर मिनिटभरही झगडते. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतं आणि अख्खी डिस्क पूलबाहेर जाते. स्मार्टकंट्रोल या आज्ञेने ‘एससीटीईआरसी,७०,७०’ (चूक सुधारण्याची मुदत, दशांश सेकंदांत) दिलं की डिस्क ७ सेकंदांत हात वर करते. तशी सोय नसेल तर लिनक्सचा टाइमआउट १८० सेकंद करा. बऱ्याच डिस्क वीज गेली की ही सेटिंग विसरतात, म्हणून ती बूट स्क्रिप्टमध्येच घाला.