व्हिएन्नाच्या इस्लामिक सेंटरला जाताय? आधी स्टेशन आणि घड्याळ नीट समजून घ्या

'डोनाउ' (म्हणजे डॅन्यूब नदी) दिसलं की उतरा, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. व्हिएन्नाच्या मेट्रोवर नावात डोनाउ असलेली अनेक स्टेशनं आहेत, त्यातली तीन सहज गोंधळात टाकतात: लाल यू१ लाइनवर 'डोनाउइन्सेल' आणि 'आल्टे डोनाउ', तपकिरी यू६ वर 'नॉये डोनाउ'. सेंटर या तिसऱ्याजवळ, आम ब्रुकहाउफन ३ या पत्त्यावर. श्वेडनप्लात्सहून हिरवी यू४ पकडून श्पिटेलाउ, तिथे फ्लोरिड्सडॉर्फकडे जाणारी यू६ आणि बरोबर चौथं स्टेशन. वेस्टबानहोफला उतरला असाल तर यू६ थेट मिळते, गाडी बदलायची नाही. पुढे ३२ मीटरचा मिनार दिसतो, त्याच्या रोखाने चालत राहायचं. नदीकाठचा वारा हिवाळ्यात कान बधिर करतो, टोपी पाहिजेच.

२० नोव्हेंबर १९७९ ला उघडलेली ही मशीद, सौदीचे राजे फैसल यांच्या मदतीतून उभी राहिलेली. २० मीटर व्यासाचा घुमट सुंदर आहे. पण जुम्मा (शुक्रवारची दुपारची सामुदायिक नमाज) चुकला तर घुमट बघून काय करणार?

कारण खरा घोटाळा वेळेचा होतो. जुम्म्याची वेळ सूर्य माथ्यावरून कलला की लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधीच्या शुक्रवारी सूर्य माथ्यावर येतो १२:३८ च्या सुमारास, नंतरच्या शुक्रवारी ११:३८ ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं. गेल्या महिन्याचा कागद किंवा मित्राने पाठवलेला फोटो धरून निघू नका. खुत्ब्याची (जुम्म्याच्या प्रवचनाची) वेळ त्याच आठवड्यात सेंटरकडून विचारून घ्या.

डिसेंबरात दिवस इतका आखडतो की जोहर (दुपारची नमाज) ११:५३ ला लागते आणि मगरिब (सूर्यास्ताची) ४ वाजता. मधली असर (दुपार कलल्यावरची नमाज) शाफई हिशेबाने १:४७ ला, हनफी हिशेबाने सव्वादोनच्या पुढे; शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे दोन पंथ, असरची वेळ वेगळी मोजतात. कोकणातून येणारे बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांच्या फोनवर अर्ध्या तासाचा फरक दिसला तर ॲप बिघडलेलं नाही, सेटिंग वेगळं आहे. शहर फिरायला निघालात तर जोहर आटोपून निघा, नाहीतर असर ट्राममध्येच गाठते.

जूनमध्ये याच्या उलट. सूर्य मावळतो नऊच्या जरा आधी. इशा (रात्रीची नमाज) १५ अंशांच्या हिशेबाने, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली तितका गेल्यावर, सव्वाअकराला, १८ अंशांच्या हिशेबाने रात्री १२:२० ला, आणि त्याच हिशेबाने फजर (पहाटेची नमाज) दीडला! झोपायचं कधी? ॲपमधला कोन बघा आणि सेंटरच्या तक्त्याशी जुळवून एकच हिशेब पक्का करा. इशा सेंटरमध्येच पढणार असाल तर परतीची शेवटची यू६ आधी बघून ठेवा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणि सार्वजनिक सुट्टीच्या आदल्या रात्री मेट्रो रात्रभर चालते, बाकी दिवशी नाही.

हॉटेलात नमाज पढताना आपली सवय आड येते. मुंबई-रत्नागिरीहून किब्ला (नमाजेची, मक्केकडची दिशा) पश्चिमेला. व्हिएन्नातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून १३७ अंशांवर. फोनचं होकायंत्र रेडिएटर आणि लोखंडी पलंगाजवळ भरकटतं, म्हणून खोलीच्या मधोमध उभं राहून, फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवून मगच बघा.

ऑस्ट्रियात २०१७ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे आणि दंड १५० युरोपर्यंत. हिजाबला अडचण नाही, नकाब मात्र रस्त्यावर आणि मेट्रोत चालत नाही. बायकांनी हे विमानात बसायच्या आधीच ठरवावं.

मोजे जाड घ्या, दोन जोड.