टिचकी

शेजारच्या सुनेने केलेल्या वाडग्याला मी टिचकी मारली आणि काठाचा टवका माझ्या तळहातावर आला. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर आषाढाचा पाऊस आणि आत, तिच्या गॅरेजमध्ये, आम्ही दोघं त्या टवक्याकडे बघत उभे.

“काका, ते कच्चं आहे हो,” ती म्हणाली. “नुसतं वाळलंय. भाजलेलं नाही.”

मी काही बोलायच्या आत तिने वाडगा आणि टवका दोन्ही उचलून कोपऱ्यातल्या बादलीत टाकले. बुडबुडे आले. दहा मिनिटांनी वाकून बघितलं तर वाडगा खाली बसला होता, चहात विसरलेल्या बटरासारखा. भाजायच्या आधी काही बिघडलं तर माती परत मिळते म्हणे. एकदा सहाशे अंशांच्या पुढे गेली की मग पाण्यात वर्षभर ठेवा, चिखल होत नाही. हे सगळं ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. दोन दिवसांचं काम होतं ते.

मला वाजवल्याशिवाय वस्तू घेता येत नाही, त्याला मी काय करू? नारळ वाजवतो, कलिंगड वाजवतो, फणस तर झाडावर असतानाच वाजवतो. मुलाने फ्लॅट घेतला तेव्हा रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या फरश्या वाजवत मी हॉलभर रांगलो होतो. अकरा पोकळ निघाल्या. बिल्डरचा माणूस पांढरा पडला आणि मुलगा लाल.

हे आजीकडून आलं. आजी खानापूरची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावहून मीटरगेजच्या गाडीने आम्ही तिच्याकडे जायचो आणि पहिल्याच बाजारादिवशी ती नवा माठ घ्यायला निघायची. जुना झिरपेनासा झाला, पाणी गार करीना, म्हणून दर वर्षी नवा. खानापूरची माती म्हणजे मडक्यांची आणि कौलांची माती. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थासुद्धा तिथेच आहे. आजीला त्याचं काही नव्हतं. तिची संस्था तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरात होती.

कुंभारीण गोणपाटावर माठ मांडून बसलेली असायची. आजी तिच्याशी मराठीत बोलायची, ती आजीशी कानडीत, आणि व्यवहार रुपया-आठाण्यात व्हायचा. “बारिसि नोड्री, अक्कार,” वाजवून बघा, असं ती स्वतःच म्हणायची. आजी माठ डाव्या तळव्यावर तोलायची, उजवीकडे मान कलती करायची आणि पेराने ठोका द्यायची. टण्ण. दुसरा. टण्ण. तिसरा, बद्द. बद्द वाजलेला माठ ती पालथा न घालता, तडा न शोधता, तसाच बाजूला ठेवायची. “दिसत नाही कुठे,” मी म्हणायचो. “दिसायला कशाला पाहिजे?” आजी म्हणायची. कुंभारीण काही न बोलता तो माठ पाठीमागे सरकवायची. आम्ही गेल्यावर पुन्हा पुढे घेत असणार, आणि ते आजीला माहीत असणार.

मग मलाही एक ठोका मारायला मिळायचा. नेहमी पसंत केलेल्या माठावर. बद्दवर कधी नाही.

मृग लागायच्या आधी कौलं परतायची असत. वडील शिडीवर, मी खाली. प्रत्येक कौल ते नखाने वाजवून बघायचे आणि वाजलं नाही की खाली हाक, “दुसरं दे.” खानापूरच्या पावसात एक बद्द कौल म्हणजे चार महिने पितळी पातेल्यात टपटप. घरातल्या वस्तूंचा आवाज माहीत असणं ही तेव्हा हौस नव्हती.

तर शेजारची सून. बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वेगेटाच्या अलीकडे आमची गल्ली आहे. तिच्या सासऱ्यांची स्कूटर बाहेर पावसात आणि गॅरेजात तिचं विजेचं चाक. भट्टी म्हणजे एक पेटारा, फ्रिजपेक्षा बुटका. भिंतीवर खडूने ‘५७३’ लिहिलेलं. मला वाटलं कोणाचा तरी फोन अर्धवट लिहून ठेवलाय. पण मातीतली गारगोटी ५७३ अंशांना रूप बदलते, एकदम फुगते, आणि उतरताना तिथेच एकदम आकसते. तेव्हा घाई केली तर भांडं तडकतं. आपल्यालाच आठवण राहावी म्हणून ती लिहून ठेवते. भट्टी १२२० अंशांपर्यंत चढायला जवळजवळ दिवस जातो आणि उतरायला त्याहून जास्त. इतक्या आचेला माती आतून जुळून येते, दगडासारखी होते, पाणी पीत नाही. म्हणून स्टोनवेअर. आजीच्या माठाचं बरोबर उलटं: माठ हजार अंशांच्या आत भाजलेला, अंगभर भोकं, झिरपतो म्हणूनच गार करतो. तिचा कप झिरपला तर गिऱ्हाईक परत घेऊन येईल.

मी तिला खानापूरची माती सुचवली होती. अभिमानाने. ती हसली आणि फडताळातून एक सपाट, तपकिरी, काचेसारखी चकाकणारी पोळी काढून दाखवली. “हा पूर्वी पेला होता, काका.” आपल्या लाल मातीत लोखंड भरपूर, १२२० अंशांना ती उभी राहत नाही, वितळते. म्हणून तिची माती पिशव्यांतून ट्रान्स्पोर्टने येते. मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. पण पोरगी वाया घालवणाऱ्यांतली नाही. वितळतेय ना, मग ग्लेझ म्हणून, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप म्हणून चालेल, असं म्हणून तिने तीच माती पातळ कालवून कपांच्या बाहेरच्या बाजूला लावली. तो रंग बघितला आणि मला आईची लोणच्याची बरणी आठवली. खाली पिवळट पांढरी, गळ्याला तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेली. आपण तिला जन्मभर चिनी मातीची म्हणत आलो, पण जात तिचीही हीच, स्टोनवेअर. बाळंतिणीच्या खोलीत जावं तसं आई बरणीजवळ जायची, हात कोरडे करून. त्या बरणीला टिचकी मारलेली मात्र चालायची नाही. का, ते कळलं नाही. लोणचं जागं होतं म्हणायची.

गेल्या महिन्यात तिने भट्टी उघडताना मला बोलावलं. वाडग्याचा राग धरला नव्हता एवढा त्याचा अर्थ. रात्रभर निवलेली भट्टी, झाकण वर गेलं, उबदार हवा तोंडावर आली, आणि आतून आवाज यायला लागला. टिंग. मग टिंग टिंग. मग एकदम चार ठिकाणांहून. कोणी हात लावला नव्हता. पन्नास-साठ कप आपणहून वाजत होते, मजेत, आपापल्या सुरात. आयुष्यभर मी वस्तूंना ठोकून बोलतं केलं, आणि इथे ते आपसूक चाललं होतं. मी हरखून तिच्याकडे बघितलं.

तिचा चेहरा पडला होता.

आतलं पांढरं ग्लेझ नवं होतं. निवताना ते खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं, मातीवर पुरेना झालं आणि केसाएवढ्या रेघांनी तडकत होतं. प्रत्येक टिंग म्हणजे एक रेघ. शोभेच्या फुलदाणीला हे मुद्दाम करतात, पण खायच्या-प्यायच्या भांड्यात दोष. रेघांत चहाचा डाग धरतो, भांड्याचं बळही कमी होतं. आख्खी भट्टी. मी मान वळवून पावसाकडे बघत उभा राहिलो, कारण कान अजून खूश होते आणि ते तोंडावर दिसलं असतं.

अवांतर आहे, पण डॉक्टर छाती-पाठीवर बोटांनी ठोके देऊन बघतात ना, ते शोधलं ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या एका खानावळवाल्याच्या मुलाने, आउएनब्रुगर त्याचं नाव. बाप दारूची पिंपं वाजवून किती भरली ते ओळखायचा, ते बघून सुचलं असं सांगतात. १७६१ साली त्याने ते छापलं आणि बरीच वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. माझ्या वडिलांची पाठ डॉक्टरांनी अशीच वाजवली होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. वर टण्ण, मध्ये टण्ण, डावीकडे खाली बद्द. डॉक्टर एक्सरे लिहून देत होते तेव्हा मला उत्तर कळलेलं होतं, आणि वडिलांनाही. कौलं त्यांनीच परतली होती इतकी वर्षं. पुढे जे मडकं आणलं ते कोणी आणलं मला माहीत नाही. ते वाजवून घेत नाहीत.

त्या भट्टीतला एक कप मी मागून घेतला. पैसे घेईना, म्हणून शंभराची नोट चाकाखाली सरकवून आलो. बाहेरून खानापूर, आतून पांढरा, आणि आता महिनाभराच्या चहाने आतल्या रेघा तपकिरी उमटल्या आहेत, पावसाळ्यातल्या नकाशावर ओढे दिसावेत तशा. बायको म्हणते घासून जात नाही, टाका तो. रिकामा असताना टिचकी मारतो. खणखणीत नाही, बद्दही नाही. मधलं काहीतरी. आजीने तो कुठे ठेवला असता कोण जाणे.

सून म्हणाली होती की असं ग्लेझ कधीकधी कितीतरी दिवस तडकत राहतं. मी हसण्यावारी नेलं. परवा रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज आला. टिंग.

“उंदीर,” बायको झोपेतच म्हणाली.

असेल.