गोष्ट कुठून सुरू करायची?

मे महिन्यात देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की पहिल्या दोन-तीन संध्याकाळी खळ्यात बसून अमेरिकेची चौकशी होते. पगार, थंडी, मुलांना मराठी येते का, असे प्रश्न ठरलेले असतात आणि माझी उत्तरेही ठरलेली असतात. या खेपेला मात्र माझ्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आंब्याच्या पेटीत पेंढा पसरता पसरता मान वर न करता विचारले, "काय रे, तुमच्याकडे म्हणे कोणी कोणाक गोळी घातल्यान आणि 'माका भय वाटला' असा म्हटल्यान की सुटता? खरा काय ता?"

या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही, हे मला तिथेच जाणवले. मी २०११ पासून फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडोच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो आणि ज्या प्रकरणामुळे हा प्रश्न जगभर पोहोचला ते जिथे घडले ते सॅनफर्ड गाव आमच्यापासून गाडीने फार लांब नाही. आबांना त्या रात्री जे सांगितले, ते थोडे नीट लावून इथे लिहितो आहे.

२६ फेब्रुवारी २०१२ च्या पावसाळी संध्याकाळी ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून खायच्या गोड गोळ्यांचे पाकीट आणि शीतपेयाचा डबा घेऊन, डोक्यावर स्वेटरची टोपी ओढून परत येत होता. तो मूळचा मायामीकडचा, आणि सॅनफर्डमधल्या त्या फाटकबंद वसाहतीत वडिलांबरोबर पाहुणा म्हणून आला होता. त्याच वसाहतीत राहणारा, २८ वर्षांचा जॉर्ज झिमरमन हा तिथल्या रहिवाशांच्या राखण-गटाचा प्रमुख होता. आधीच्या महिन्यांत वसाहतीत घरफोड्या झाल्या होत्या आणि त्याने यापूर्वीही पोलिसांना अनेकदा फोन केले होते. त्याने गाडीतून या मुलाला पाहिले, तो संशयास्पद वाटतो असे पोलिसांना कळवले आणि गाडीतून उतरला. फोनवरच्या माणसाने विचारले की तुम्ही त्याच्या मागे जात आहात का. हा "हो" म्हणाला, आणि पलीकडून उत्तर आले की तसे करण्याची आम्हाला गरज नाही. पुढे काही मिनिटांतच झटापट झाली, शेजाऱ्यांनी पोलिसांना केलेल्या फोनमध्ये कुणाची तरी मदतीची किंकाळी आणि त्यामागून एका गोळीचा आवाज नोंदला गेला. मुलगा छातीत गोळी लागून जागीच मेला. झिमरमनचे नाक सुजले होते आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा होत्या. आपण खाली पडलो होतो, तो वर बसून आपले डोके फरशीवर आपटत होता आणि जीव वाचवण्यासाठी गोळी झाडावी लागली, असे त्याचे म्हणणे.

सुमारे दीड महिना त्याला अटक झाली नाही. पोलिसांचा हा निव्वळ हलगर्जीपणा होता असे तेव्हा बहुतेकांना वाटले, पण फ्लोरिडाच्या कायद्यात एक कलमच असे आहे की स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्याने वापरलेले बळ बेकायदेशीर होते असे मानण्यास सबळ कारण असल्याखेरीज त्याला अटक करता येत नाही. देशभर मोर्चे निघाले, लोक टोप्या ओढून रस्त्यावर आले, राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले की मला मुलगा असता तर तो ट्रेव्हॉनसारखा दिसला असता, आणि शेवटी राज्यपालांनी नेमलेल्या विशेष अभियोक्त्या अँजेला कोरी यांनी ११ एप्रिलला दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे आधी कट न आखता केलेल्या, खुनाचा आरोप ठेवला. १३ जुलै २०१३ रोजी सहा महिलांच्या ज्युरीने, म्हणजे निकाल देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्याला निर्दोष ठरवले.

आबांनी इथे मध्येच विचारले की किंकाळी कुणाची होती. खटल्याचा अर्धा जीव याच प्रश्नात अडकला होता. मुलाच्या आईने साक्षीत सांगितले की आवाज माझ्या मुलाचा आहे, आणि झिमरमनच्या आईनेही साक्षीत सांगितले की आवाज माझ्या मुलाचा आहे. दोघी खोटे बोलत होत्या असे मला कधीच वाटले नाही.

त्या उन्हाळ्यात खटला रोज दूरचित्रवाणीवर चालू असे आणि आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत लोक गट करून भांडत. कित्येक दिवस ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की ही मंडळी एकाच घटनेबद्दल बोलतच नव्हती. एका बाजूची गोष्ट गाडीचे दार उघडण्यापासून सुरू होत असे: हातात शस्त्र असलेल्या प्रौढ माणसाने, काहीही न केलेल्या मुलाचा अंधारात पाठलाग केला, मग जे झाले त्याला जबाबदार कोण? दुसऱ्या बाजूची गोष्ट जमिनीवर पडलेल्या माणसापासून सुरू होत असे: तुझ्या छातीवर कुणी बसले आहे आणि तुझे डोके फरशीवर आपटते आहे, त्या क्षणी तू काय करशील? दोन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त आहेत, आणि म्हणूनच ते एकमेकांना कधी भेटत नाहीत.

कायद्याने दुसरी गोष्ट निवडली. आरोपी खाली पडलेला असताना त्याला मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती वाटली का, एवढेच मुख्यतः पाहायचे, आणि ती भीती खोटी होती हे सरकारी पक्षाने शंकेला जागा न ठेवता सिद्ध करायचे. नुसते कुणाच्या मागे चालत जाणे हा तिथे गुन्हा नव्हे. फ्लोरिडाने २००५ मध्ये 'स्टँड युअर ग्राउंड' नावाचा बदल केला. जिथे असण्याचा आपल्याला हक्क आहे तिथे आपल्यावर हल्ला झाला, तर मागे हटण्याचे बंधन नाही, पाय रोवून उभे राहता येते. पूर्वी ही मोकळीक फक्त आपल्या घराच्या उंबऱ्याआत होती, ती रस्त्यापर्यंत आली. झिमरमनच्या वकिलांनी या कायद्याखालची खटल्यापूर्वीची वेगळी सुनावणी मागितलीच नाही, आणि त्यांचे म्हणणे असे की जो खाली दाबला गेला आहे तो मागे हटणार कुठे. तरी ज्युरीला न्यायाधीशांनी वाचून दाखवलेल्या सूचनांत मागे हटण्याचे बंधन नाही हे वाक्य होतेच. एका ज्युरी-सदस्येने नंतर मुलाखतीत सांगितले की मनाने तो दोषी वाटतो, पण समोरच्या पुराव्यावर आणि कायद्यावर आम्हाला तसे म्हणता आले नाही. माझे स्वतःचे मत तिच्यापासून फार लांब नाही: निकाल कायद्याला धरून असेलही, पण तो कायदा गोष्ट फार उशिरा सुरू करतो.

प्रसारमाध्यमांनीही हातभार लावला. एका मोठ्या वाहिनीने झिमरमनच्या फोनचे ध्वनिमुद्रण असे कापून दाखवले की त्याने स्वतःहून मुलाचा वर्ण सांगितला असे वाटावे. प्रत्यक्षात त्याला तो प्रश्न विचारला गेला होता. चूक उघड झाल्यावर काहींच्या नोकऱ्या गेल्या, पण ज्यांनी ती पहिली फीत ऐकली होती त्यांच्या मनातली गोष्ट काही बदलली नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ते वेगळेच. सॅनफर्डच्या त्या गल्लीत त्या दोघांत काय झाले हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला एकच माणूस उरला होता, आणि तो आरोपी होता. त्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, २३ नोव्हेंबरला जॅक्सनव्हिलच्या पेट्रोलपंपावर मायकल डन नावाच्या माणसाने मोठ्याने गाणी लावण्यावरून झालेल्या वादात चार मुले बसलेल्या गाडीवर १० गोळ्या झाडल्या आणि १७ वर्षांचा जॉर्डन डेव्हिस मेला. डननेही स्वसंरक्षणच सांगितले, आपल्याला बंदुकीची नळी दिसली म्हणाला. बंदूक कुठेच सापडली नाही, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीतली बाकी तिघे जिवंत राहिली आणि न्यायालयात बोलली. २०१४ मध्ये दुसऱ्या खटल्यात तो प्रथम श्रेणीच्या खुनात दोषी ठरला. शेजारच्या जॉर्जिया राज्यात २३ फेब्रुवारी २०२० रोजी धावायला निघालेल्या अहमॉड आर्बरीचा तिघांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि त्यांतल्या एकाने त्याला गोळी घातली. तिथेही स्वसंरक्षणाचाच दावा, तिथेही कित्येक आठवडे अटक नाही, पण तिघांपैकी एकाने स्वतःच केलेले चित्रीकरण बाहेर आले आणि २०२१ मध्ये तिघेही दोषी ठरले. याउलट विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशात, निदर्शनांच्या वेळी दोघांना गोळ्या घालून ठार मारणाऱ्या काइल रिटनहाऊसच्या खटल्यात भरपूर चित्रीकरण होते आणि त्याच्याच आधारे ज्युरीने त्याचा बचाव मान्य केला. तेव्हा चित्रीकरण नेहमी मेलेल्याच्या बाजूने बोलते असे मुळीच नाही, पण निदान त्याची बाजू दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून येते.

आमच्या मराठी मंडळींत तेव्हा काय चर्चा चालली होती, हे लिहायला थोडी लाज वाटते. गणपतीच्या जेवणावळीत एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले की, आपल्या सोसायटीत असा मुलगा रात्री फिरताना दिसला तर तुम्ही पोलिसांना फोन करणार नाही का? कुणीच नाही म्हणाले नाही. मीही नाही. त्यानंतर काही महिन्यांनी पावसात जॅकेटची टोपी ओढून मी आमच्याच गल्लीत चालत असताना एक गाडी हळू झाली आणि काच खाली करून एकाने विचारले की तुम्ही कुठल्या घरात राहता. मी घर क्रमांक सांगितला, तो हसून गेला, एवढेच झाले. पण क्रमांक सांगताना मी दोन्ही हात खिशातून बाहेर काढून धरले होते, हे मला घरी आल्यावर आठवले.

गावातला माझा वर्गमित्र वकील आहे आणि त्या संध्याकाळी तोही बसला होता. त्याने आपल्याकडची बाजू सांगितली. खासगी बचावाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आला, पण गाभा तोच राहिला. पळून जायलाच हवे असे आपला कायदाही म्हणत नाही, मात्र सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. स्वसंरक्षण होते हे आपल्याकडे आरोपीने दाखवायचे, फक्त त्याला शंकेपलीकडे सिद्ध करावे लागत नाही, तसे संभवते एवढे दाखवले की पुरते. सद्हेतूने पण हक्काची मर्यादा ओलांडून कुणी मारले गेले, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. फ्लोरिडात बचाव मान्य झाला की माणूस पूर्ण सुटतो, मधली पायरी नाही. मला ही मधली पायरी शहाणपणाची वाटते. वकिलाने मात्र लगेच पुस्ती जोडली की पुस्तकात पायरी असली तरी खटला उभा राहीपर्यंत माणसे म्हातारी होतात.

आबा एवढा वेळ गप्प होते. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात आणि नेमकी तेव्हाच रानडुकरे शेतात उतरतात, ही त्यांची जुनी तक्रार. त्यांनी सांगितले की बऱ्याच वर्षांपूर्वी भात पिकायच्या दिवसांत ते मांगरात राखणीला बसले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर मेरेकडे खसखस झाली, गवत हलले, त्यांनी बंदूक उचलली आणि नळी त्या बाजूला धरली. डुक्करच, अशी त्यांची खात्री होती. घोड्यावर बोट असताना काय मनात आले कोण जाणे, डाव्या हाताने त्यांनी बॅटरी पेटवली. समोर शेजारच्या वाडीतला, त्यांच्या ओळखीचा माणूस होता, सुटलेले वासरू शोधत आलेला.

"बॅटरी मारलंय म्हणान मी वाचलंय," आबा म्हणाले. तो वाचला, असे ते म्हणाले नाहीत. ही गोष्ट त्यांनी यापूर्वी घरात कुणालाच सांगितली नव्हती, काकूंनाही नाही, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळले. गोळी सुटली असती तर त्यांनी ठाण्यात जाऊन काय सांगितले असते, असे वकिलाने विचारले. डुक्कर वाटले असेच सांगितले असते, आणि ते खरेही होते, असे आबांचे उत्तर.

मग त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली. तो आता १७ वर्षांचा झाला आहे आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा जातो. त्याला काय सांगतोस, असे आबांनी विचारले. मी म्हटले, टोपी डोक्यावरून काढ, हात दिसतील असे ठेव, कुणी विचारले तर शांतपणे उत्तर दे, वळून धावू नको. आबांनी मान हलवली आणि पेंढ्याची आणखी एक जुडी सोडली. मला लहानपणी हेच आबा सांगायचे की रात्री कुणाच्या बागेच्या कडेने जावे लागले तर खाकरत, काहीतरी गुणगुणत जा, म्हणजे राखणीला बसलेल्याला कळेल की माणूस आहे. त्या रात्री वकिलाला वाडीच्या टोकापर्यंत पोचवून परत येताना, आंब्यांना राखण बसलेली असल्यामुळे, मी सवयीने दोनदा मोठ्याने खाकरलो आणि आतून कुणीतरी खाकरून ओ दिली.