घरात संगणक असताना हे कशाला?

पुण्याहून मुंबईला जाताना मी निन्टेंडो थ्रीडीएस हे दोन पडद्यांचे, हातात धरायचे खेळयंत्र उघडून बसलो की शेजारचा प्रवासी आधी कुतूहलाने डोकावतो, वरच्या पडद्यावर खेळाऐवजी नुसत्या ओळी आणि खालच्या पडद्यावर कळफलक पाहून गोंधळतो आणि लोणावळा येईपर्यंत विचारतोच, की घरात संगणक असताना या खेळण्यावर प्रोग्राम कशाला लिहिता आणि तेही बेसिक या जुन्या संगणकभाषेत? हाच प्रश्न घरचेही विचारतात, कचेरीतले सहकारीही विचारतात. आता तुम्हीही विचारलात, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

यंत्र मुळात माझे नव्हे. अमेरिकेतल्या भाच्याने स्विच हे निन्टेंडोचे नवे खेळयंत्र घेतल्यावर त्याचा थ्रीडीएस कपाटात पडून राहिला, तो माझ्याकडे आला. त्यावर बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून मी स्माइलबेसिक विकत घेतले. जपानमधल्या सापोरो येथील स्माइलबूम या कंपनीने ते तयार केले असून जपानमध्ये ते २०१४ साली आणि अमेरिकेत २०१५ साली उपलब्ध झाले. त्यापूर्वी याच कंपनीने डीएसआय या निन्टेंडोच्या आधीच्या खेळयंत्रासाठी ‘पेटिट कॉम्प्युटर’ काढला होता, ज्यात लिहिलेला प्रोग्राम दूरच्या कोणाला द्यायचा तर त्याचे क्यूआर कोड करावे लागत आणि प्रोग्राम मोठा असला की असे कितीतरी चौकोन एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरावे लागत. खेळयंत्रावर बेसिक चालवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. निन्टेंडोने १९८४ सालीच फॅमिकॉम या आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी कळफलकासह ‘फॅमिली बेसिक’ विकले होते. त्यात प्रोग्रामसाठी जेमतेम दोन हजार बाइट जागा मिळे आणि तो जपून ठेवायचा तर कॅसेटवर.

हे सारे स्मरणरंजन आहे, असा आरोप माझ्यावर होतो आणि तो निम्मा खरा आहे. शाळेत आम्ही जीडब्ल्यू-बेसिक शिकलो. आठवड्यातून एक तास, एका संगणकापुढे तिघे, आणि ज्याच्या हाती कळफलक त्याचे राज्य. पण स्माइलबेसिक म्हणजे ते जुने बेसिक नव्हे. यात ओळींना क्रमांक द्यावे लागत नाहीत, प्रोग्राममध्ये एका ओळीवरून दुसरीकडे उडी मारायची तर नाव दिलेल्या खुणेवर मारता येते आणि स्वतःची फंक्शनेही लिहिता येतात. केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक घडवले ते विज्ञान-गणिताच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. तो सोपेपणा इथे शाबूत आहे, एवढेच जुने.

आरोपाचा उरलेला निम्मा भाग खोडून काढण्यासाठी एक छोटे उदाहरण पुरेल. वरचा पडदा ४०० पिक्सेल रुंद आहे. त्यावर एक स्प्राइट, म्हणजे एक छोटे हलते चित्र, ठेवायचे आणि एका आवर्तनात, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या ओळींत, त्याची जागा दरवेळी एका पिक्सेलने वाढवत न्यायची. पहिल्या दिवशी मी हे केले तेव्हा चित्र दिसलेच नाही. प्रोग्राम चुकला नव्हता, तर चित्र डोळ्याचे पाते लवण्याआधीच पडद्याबाहेर निघून गेले होते. आवर्तनात ‘व्हीसिंक’ ही एक आज्ञा घातली, की यंत्र पडद्याचे पुढचे चित्र उमटेपर्यंत थांबते. सेकंदाला साठ चित्रे, म्हणून चारशे पिक्सेल ओलांडायला पावणेसात सेकंदांच्या आतबाहेर वेळ लागतो, आणि मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा तेवढाच लागला. बटनांचेही तसेच आहे. उजवीकडची कळ म्हणजे ८ आणि ‘ए’ म्हणजे १६, तेव्हा दोन्ही एकदम दाबल्यास यंत्र २४ सांगते आणि त्यातून कोणती कळ दाबली आहे हे ‘अँड’ ही तार्किक क्रिया लावून वेगळे काढायचे असते.

नोकरीत मी ज्या प्रणालीवर काम करतो तिच्यातल्या हजारो फायलींपैकी बहुतेक मी कधी उघडलेल्याही नाहीत, आणि काही बिघडले तर पहिला दिवस दोष नेमका कोणाच्या भागात आहे हे ठरवण्यातच जातो. या यंत्रावर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका माझ्या कोणत्या ओळीमुळे तिथे आहे, हे मी बोट ठेवून सांगू शकतो. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे.

गैरसोय अर्थातच आहे. स्टायलसने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या छोट्या काडीने, एकेक अक्षर टोचत लिहिणे कंटाळवाणे असते. त्यामुळे माणूस विचार करून लिहितो, असे काही जण कौतुकाने सांगतात, पण मला तसा अनुभव नाही; मी फक्त चलांची नावे आखूड ठेवायला शिकलो. शिवाय थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली, त्यामुळे आज कोणी नव्याने सुरुवात करतो म्हटले तर मी त्याला स्विचवरची स्माइलबेसिकची चौथी आवृत्ती पाहायला सांगतो.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो मराठी आकड्यांवर. स्माइलबेसिकमध्ये ‘फॉन्टडेफ’ या आज्ञेने कोणत्याही अक्षराचा आकार बदलता येतो, मात्र प्रत्येक अक्षर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत बसले पाहिजे आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग चार अंकी संकेताने द्यावा लागतो, म्हणजे एका आकड्यासाठी २५६ चिन्हे. ती टोचत बसण्याऐवजी मी ‘डेटा’च्या, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती साठवायच्या, ओळींत टिंबे आणि फुल्या मांडून आकडे रेखाटले आणि त्यांचे संकेत करण्याचे काम एका छोट्या प्रोग्रामला दिले. ४ आणि ७ पहिल्याच झटक्यात जमले. १ आणि ९ मात्र इतक्या कमी ठिपक्यांत जुळ्या भावांसारखे दिसू लागले, आणि ९ चे डोके एका ठिपक्याने मोठे करावे की शेपटी लांबवावी यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी शेपटी लांबवली. आता माझ्या खेळात गुण देवनागरीत उमटतात.

अक्षरांपाशी मात्र गाडी अडली आहे. शेजारशेजारच्या चौकटींतल्या शिरोरेखा आपोआप जुळतात, हे पाहून मला फार आनंद झाला होता. पण सर्वांत वरची ओळ शिरोरेखेला दिली की वेलांटीला जागाच उरत नाही, आणि रेषा दोन ओळी खाली घेतली तर ‘क’ला उरतात पाच ओळी. ‘कि’मधली वेलांटी नंतर उच्चारायची आणि आधी काढायची, ती अदलाबदल माझा प्रोग्राम आता बरोबर करतो. ‘क्ष’ला मी अजून हात लावलेला नाही.