गोल्ड स्पॉट

"काका, सराफ बाजार तिकडं मागे आहे."

जळगावात आज दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. टपरीवर थांबलो आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "एक गोल्ड स्पॉट दे रे." पोरगा असेल अठराएक वर्षांचा. गोल्ड स्पॉट म्हणजे आमच्या वेळचं केशरी कोल्ड्रिंक, हे त्याला कुठून ठाऊक! 'गोल्ड' एवढंच ऐकलं त्यानं. सुवर्णनगरीतलं पोर, त्याचं तरी काय चुकलं म्हणा!

मागे स्टुलावर बसलेले आजोबा मात्र खुदकन हसले. म्हणाले, "आते कोठे भेटी भाऊ ते!"

मग ते मिनिटभर गप्प, मीही गप्प.

मला आठवलं मे महिन्यातलं लग्न. पत्र्याच्या पिंपात बर्फाची लादी, वर लाकडाचा भुसा चिकटलेला, आणि त्यात बुडवलेल्या बाटल्या. बाटली वऱ्हाडालाच मिळायची. आम्ही मुलीकडचे! तरी मामानं एक गुपचूप दिली होती, दोघा भावांत. स्ट्रॉ एकच. जीभ केशरी झाली आणि आईनं लगेच ओळखलं.

1977 मध्ये कोका-कोला देशातून गेलं, 1993 मध्ये परतलं, आणि पारलेकडून थम्स अप, लिम्का, माझा, गोल्ड स्पॉट सगळं विकत घेतलं. थम्स अप तगलं. गोल्ड स्पॉटच्या जागी फँटा आलं.

शेवटी लिंबू सोडा घेतला. पैसे देताना आजोबांनी विचारलं, "बाटलीवर डिपॉझिट किती घ्यायचे हो तेव्हा?"

मला आठवेना. कुणाला आठवतंय का?